फौजदारीपात्र कट : गुन्ह्याची व्याप्ती आणि शिक्षेचे माप

प्रस्तावना

नुसत्या विचाराला शिक्षा नाही, हे फौजदारी कायद्याचे जुने तत्त्व आहे. हेतू, तयारी, प्रयत्न आणि पूर्ती अशा गुन्ह्याच्या चार पायऱ्या कायदेपंडितांनी मानल्या असून सामान्यतः तिसऱ्या पायरीपासून कायदा हस्तक्षेप करतो. फौजदारीपात्र कट हा या नियमाचा ठळक अपवाद होय. दोन व्यक्तींनी एखादा गुन्हा करण्याचे परस्परांत ठरविले की त्याच क्षणी कटाचा गुन्हा पूर्ण होतो. ठरलेले कृत्य पुढे घडले नाही तरी त्या गुन्ह्याचे अस्तित्व पुसले जात नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहिता, २०२३ ने घेतली. जुन्या संहितेतील कलम १२०-अ आणि १२०-ब यांचा मजकूर नव्या संहितेच्या कलम ६१ मध्ये एकत्र करण्यात आला. सुमारे दीडशतकाहून अधिक काळ चाललेली संहिता बदलण्याचा तो प्रसंग होता. साहजिकच कटविषयक तरतुदीतील जुन्या उणिवा दूर होतील, अशी अपेक्षा होती. प्रस्तुत लेखात या तरतुदीची व्याख्या, पुरावा आणि शिक्षा या तीन अंगांनी चिकित्सा केली आहे. व्याख्या आणि पुरावा यांबाबत कायद्याने सरकार पक्षाला मोठी मोकळीक दिली आहे. अशा मोकळिकीचा समतोल शिक्षेच्या टप्प्यावर साधला जाणे आवश्यक असते. प्रत्यक्षात गंभीर गुन्ह्यांच्या बाबतीत शिक्षा ठरविताना न्यायाधीशाच्या हाती फारसे काही उरत नाही. कटविषयक कायद्याचा मुख्य दोष येथे आहे, असे या विवेचनातून दिसून येते.

तरतुदीची घडण

१८६० च्या मूळ दंड संहितेत कट हा स्वतंत्र गुन्हा नव्हता. कलम १०७ खाली कटाद्वारे केलेली अपप्रेरणा तेवढी शिक्षापात्र होती आणि तिच्यासाठी कटाच्या अनुषंगाने एखादे कृत्य किंवा बेकायदेशीर अकृती घडणे आवश्यक होते. १८७० मध्ये कलम १२१-अ समाविष्ट झाले. राजसत्तेविरुद्ध युद्ध पुकारण्याचा कट करणे हा या कलमाने स्वतंत्र गुन्हा ठरला आणि त्यासाठी कोणतेही प्रत्यक्ष कृत्य घडण्याची गरज नाही, असे स्पष्टीकरणही जोडण्यात आले. केवळ संमतीला शिक्षा करण्याची प्रथा आपल्या कायद्यात अशा प्रकारे राजद्रोहाच्या दारातून आली.

या कलमाचा उपयोग महाराष्ट्राने जवळून पाहिला आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांचा वध झाला. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या विशेष न्यायाधिकरणापुढे ३८ आरोपींवर नाशिक कटाचा खटला चालला. डिसेंबर १९१० मध्ये त्याचा निकाल लागला आणि विनायक दामोदर सावरकर यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

सर्वसाधारण गुन्ह्यांसाठी मात्र अशी तरतूद अद्याप नव्हती. २३ डिसेंबर १९१२ रोजी दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्यावर बॉम्ब फेकण्यात आला. त्यानंतर तीन महिन्यांतच, म्हणजे मार्च १९१३ मध्ये, फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमाने कलम १२०-अ आणि १२०-ब संहितेत घातली गेली. भारतीय कायदा इंग्लिश कायद्याच्या बरोबरीस आणणे, हे त्यामागील घोषित कारण होते. इंग्लंडमध्ये १८६८ च्या मल्काही खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने संमती हेच कटाचे सार मानले होते. तेच सूत्र येथे आले आणि स्वातंत्र्यानंतरही कायम राहिले. पुण्याजवळील देहू येथील लष्करी वाहन आगारातील साहित्याच्या अपहारासंबंधीच्या बारसे विरुद्ध मुंबई राज्य या १९६१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरलेले कृत्य घडले नसले तरी कट सिद्ध होतो, असे निःसंदिग्धपणे सांगितले.

व्याख्येची व्याप्ती

कलम ६१ च्या व्याख्येत दोन प्रकार आहेत. पहिला गुन्हा करण्याच्या संमतीचा. दुसरा एखादे बेकायदेशीर कृत्य करण्याच्या, अथवा बेकायदेशीर नसलेले कृत्य बेकायदेशीर मार्गाने करण्याच्या संमतीचा. दुसऱ्या प्रकारात संमतीखेरीज एखादे कृत्य घडावे लागते. परंतु ते कटातील कोणाही एकाने केले तरी पुरते.

येथे 'बेकायदेशीर' या शब्दाचा संहितेतील अर्थ पाहणे अगत्याचे आहे. जे गुन्हा आहे, जे कायद्याने निषिद्ध आहे आणि ज्यामुळे दिवाणी दाव्यास कारण मिळते, ते सर्व बेकायदेशीर होय. करारभंगाने दिवाणी दाव्यास कारण मिळते. म्हणजे दोन भागीदारांनी तिसऱ्याशी केलेला करार मोडण्याचे ठरवून तसे पत्र धाडले, तर शब्दशः पाहता तोही फौजदारीपात्र कट ठरू शकतो. एकट्याने केले असता जे केवळ दिवाणी स्वरूपाचे राहते, ते दोघांनी मिळून केल्याने गुन्हा बनते.

ही अतिव्याप्ती विधिमंडळाच्याही ध्यानात आलेली होती. १९२६ च्या कामगार संघटना अधिनियमाच्या कलम १७ ने नोंदणीकृत संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना आणि सभासदांना कलम १२०-ब च्या दुसऱ्या पोटकलमापासून संरक्षण दिले. संपाचा ठराव हीदेखील अनेकांची संमतीच असते आणि त्यातून करारभंग संभवतो. संरक्षणाशिवाय प्रत्येक संप हा कट ठरण्याचा धोका होता. कायदा झाल्यापासून अवघ्या तेरा वर्षांत त्याला असा अपवाद करावा लागला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

ज्या इंग्लिश कायद्याचा दाखला देऊन १९१३ ची सुधारणा झाली, त्या इंग्लंडने १९७७ च्या फौजदारी कायदा अधिनियमाने कटाची व्याख्या मुख्यतः गुन्हा करण्याच्या संमतीपुरती मर्यादित केली. लबाडीने नुकसान करण्याचा कट आणि सार्वजनिक नीतीसंबंधीचे कट एवढे अपवाद तेव्हा राखण्यात आले. भारतात मात्र २०२३ मध्येही दिवाणी स्वरूपाच्या कृत्यांचा समावेश तसाच राहिला. नव्या व्याख्येत 'समान उद्दिष्टाने' अशा अर्थाचे शब्द जोडण्यात आले आहेत. परंतु संमती म्हटली की समान उद्दिष्ट तिच्यात अनुस्यूत असतेच. त्यामुळे या भरीने व्याप्ती कितपत आकुंचित होईल, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

पुराव्याचा प्रश्न

कट गुप्तपणे रचला जातो; त्याचा प्रत्यक्ष पुरावा क्वचितच मिळतो. या वास्तवाला अनुसरून १८७२ च्या पुरावा अधिनियमात कलम १० योजण्यात आले. आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ८ आहे. कट झाल्याचे मानण्यास वाजवी आधार असेल, तर समान हेतूच्या संदर्भात एका कटवाल्याने जे म्हटले, केले अथवा लिहिले, ते इतरांविरुद्धही पुरावा म्हणून घेता येते. एकाच्या कृतीचा दुसऱ्यावर भार टाकणारा हा नियम पुराव्याच्या सर्वसामान्य तत्त्वांना मुरड घालतो.

न्यायालयांनी या नियमाला काही मर्यादा घातल्या. १९४० च्या मिर्झा अकबर खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने समान हेतू अस्तित्वात असतानाच्या वचनांपुरताच तो लागू केला आणि अटकेनंतरचे निवेदन बाद ठरविले. भगवान स्वरूप विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६० च्या दशकातील निकालात सर्वोच्च न्यायालयाने कलमाची फोड केली. भारतीय कलमातील शब्दयोजना इंग्लिश नियमापेक्षा विस्तृत असल्याचे तेथे नोंदविण्यात आले. असा पुरावा सहकटवाल्याच्या विरुद्धच वापरता येतो, त्याच्या बाजूने नाही, असेही सांगितले गेले. अर्थात दुसऱ्याने पाठीमागे काढलेले उद्गार आरोपीला गोवण्यास पुरतात, सोडविण्यास उपयोगी पडत नाहीत. शिवाय 'वाजवी आधार' आहे की नाही याचा निर्णय कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या स्वरूपात नोंदवावा, याची स्वतंत्र कार्यपद्धती कायद्यात नाही.

माफीच्या साक्षीदाराचा प्रश्न याला लागूनच येतो. महात्मा गांधींच्या हत्येच्या खटल्यात दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला. लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयाचे न्यायाधीश आत्माचरण यांनी १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल दिला. बडगेची साक्ष त्यांनी एकंदरीत विश्वसनीय मानली. परंतु सावरकरांपुरते तिला स्वतंत्र दुजोरा देणारा पुरावा नसल्याने त्यांना निर्दोष सोडले. त्या वेळच्या कलम १३३ नुसार साथीदाराच्या दुजोरा नसलेल्या साक्षीवर झालेली दोषसिद्धीही केवळ त्या कारणास्तव बेकायदेशीर ठरत नव्हती. दुजोऱ्याची अट न्यायालयीन विवेकाने पाळली जात असे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३८ ने साक्षीला दुजोरा असण्याची अट कलमाच्या शब्दांतच आणली. नव्या कायद्यांतील ही सुधारणा स्वागतार्ह आहे आणि कटाच्या खटल्यांत तिचे महत्त्व विशेष राहील.

मात्र कटाबाबतचा सर्वांत नाजूक मुद्दा आरोपीच्या ज्ञानाचा आहे. महाराष्ट्र राज्य विरुद्ध सोमनाथ थापा हा १९९६ चा निकाल १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातून उद्भवला. पुरविलेल्या वस्तूचा वैध उपयोगच संभवत नसेल, तर ज्ञानावरून हेतूचे अनुमान काढता येते आणि कृत्यांची साखळी असलेल्या गुन्ह्यात प्रत्येक दुव्याला पुढच्या दुव्याचे काम ठाऊक असलेच पाहिजे असे नाही, असा त्याचा आशय आहे. स्फोटकांच्या बाबतीत हे तत्त्व पटण्यासारखे आहे. परंतु वस्तू रोजच्या वापरातील असेल, तर अनुमानाची भिस्त मुख्यतः संबंधांवर आणि ओळखीपाळखीवर येते. इंदिरा गांधी हत्या खटल्यात प्रत्यक्ष गोळीबारात नसलेल्या दोघांना खालच्या दोन्ही न्यायालयांनी फाशी ठोठावली होती. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांपैकी बलबीर सिंग यांना निर्दोष ठरविले, तर केहर सिंग यांची फाशी कायम केली. परिस्थितिजन्य अनुमानाच्या या बाजूला सुटका आणि त्या बाजूला फाशी, इतके अंतर तेथे होते.

शिक्षेचे माप

कलम ६१ च्या दुसऱ्या पोटकलमात शिक्षेचे दोन गट आहेत. मृत्युदंड, आजीवन कारावास अथवा दोन वर्षे वा त्याहून अधिक सश्रम कारावासास पात्र असलेल्या गुन्ह्याच्या कटासाठी, संहितेत वेगळी तरतूद नसल्यास, त्या गुन्ह्याच्या अपप्रेरणेची शिक्षा आहे. अन्य सर्व कटांसाठी कमाल सहा महिने कारावास, दंड किंवा दोन्ही.

दुसऱ्या गटातील विसंगती सहज लक्षात येते. एखाद्याची वाट अन्यायाने अडविणे, म्हणजे गैरनिरोध, या गुन्ह्यास संहितेत कमाल एक महिना साधा कारावास आहे. मद्यधुंद अवस्थेत सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन केल्यास कारावासाची कमाल मर्यादा चोवीस तासांची आहे आणि आता समाजसेवेचाही पर्याय देण्यात आला आहे. हेच करण्याचे दोघांनी ठरविले, तर कटाची कमाल शिक्षा सहा महिने! गुन्ह्यापेक्षा तो करण्याची संमती अधिक शिक्षापात्र ठरावी, हे तर्कसंगत नाही. अशा कटांच्या खटल्यास राज्य शासनाची किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्याची लेखी संमती लागते, हा अंकुश जुन्या प्रक्रिया संहितेत होता आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. परंतु कार्यकारी अधिकाऱ्याच्या विवेकावर विसंबून कलमातील विसंगती कायम ठेवणे समर्थनीय ठरत नाही.

पहिल्या गटातील प्रश्न अधिक गंभीर आहे. मुख्य गुन्हा घडला नाही, तर अपप्रेरणेच्या तरतुदींमुळे शिक्षा उतरते. मृत्युदंड वा आजीवन कारावासास पात्र गुन्ह्याबाबत साधारणपणे सात वर्षांपर्यंत आणि अन्य कारावासपात्र गुन्ह्याबाबत कमाल मुदतीच्या एकचतुर्थांशापर्यंत. मुख्य गुन्हा घडला, की त्या गुन्ह्याची शिक्षा प्रत्येक कटवाल्यास लागू होते. खुनाला मृत्युदंड किंवा आजीवन कारावास या दोनच शिक्षा आहेत. परिणामी, योजना आखणारा आणि सांगितलेली पिशवी पोचविणारा यांच्यातील अंतर न्यायाधीशाला स्पष्ट दिसत असले, तरी दुसऱ्याला आजीवन कारावासाहून कमी शिक्षा देण्याचा अधिकार त्याला नाही.

गांधी हत्या खटल्यातच याचे उदाहरण सापडते. बडगेचा नोकर शंकर किस्तय्या याला कटाबद्दल जन्मठेपेची शिक्षा झाली. ती सात वर्षांपर्यंत कमी करावी, अशी शिफारसही त्याच न्यायाधीशांनी केली. जी शिक्षा न्यायाधीशाला योग्य वाटत होती, ती देण्याचा मार्ग कायद्यात नव्हता. शासनाकडे शिफारस करण्यापलीकडे त्यांना काही करता येत नव्हते. पुढे पंजाब उच्च न्यायालयाने किस्तय्याला निर्दोष सोडले. त्याच खटल्यातील मदनलाल पाहवा २० जानेवारी १९४८ च्या बिर्ला भवनातील स्फोटापासून पोलिसांच्या ताब्यात होता. ३० जानेवारीला हत्या झाली, तेव्हाही तो कोठडीत होता. तरीही त्याला जन्मठेप झाली आणि ती कायम राहिली. त्याचा कटातील सहभाग निर्विवाद मानला, तरी अटकेमुळे अथवा स्वेच्छेने कटापासून दूर झालेल्याची जबाबदारी कोठे संपते, याविषयी जुन्या संहितेत तरतूद नव्हती आणि नव्या संहितेतही नाही.

न्यायालयीन निर्णयांनी काही प्रमाणात दिलासा दिला आहे. अमेरिकेत १९४६ च्या पिंकर्टन निकालाने कटवाल्यांना एकमेकांच्या प्रत्यक्ष गुन्ह्यांसाठीही जबाबदार धरले. संसद हल्ला खटल्यातील २००५ च्या नवज्योत संधू निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व तितक्या टोकापर्यंत नेण्यास नकार दिला. सहभाग नसलेल्या प्रत्यक्ष गुन्ह्याबद्दल कटवाल्याला आपोआप दोषी धरता येणार नाही, असा तो निर्णय आहे. तथापि कटाची शिक्षाच मुख्य गुन्ह्याइतकी असल्याने आरोपीच्या दृष्टीने हा भेद पुष्कळदा नावापुरता राहतो.

विशेष कायद्यांनी शिक्षेचा भार आणखी वाढविला आहे. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९ अर्थात 'मोक्का'खाली संघटित गुन्ह्याच्या कटाला किमान पाच वर्षे ते आजीवन कारावास आणि किमान पाच लाख रुपये दंड आहे. ठरावीक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाबही तेथे, एकत्र खटला चाललेल्या सहआरोपीविरुद्धही, ग्राह्य धरला जातो. न्याय संहितेच्या कलम १११ ने संघटित गुन्ह्याच्या कटासाठी हेच शिक्षेचे माप देशभर लागू केले. आर्थिक गुन्ह्यांत कटाचे कलम जोडून मनी लॉन्डरिंगचा कायदा लावण्याच्या प्रवृत्तीला पवना डिब्बूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आळा घातला. ज्या गुन्ह्याचा कट आहे तो गुन्हा अनुसूचीतील असेल तरच कटालाही अनुसूचित गुन्हा मानता येईल, असे न्यायालयाने ठरविले.

सव्वीस फाशी आणि त्यानंतर

वरील तिन्ही अंगे एकत्र आली म्हणजे काय घडते, हे राजीव गांधी हत्या खटल्यात दिसले. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुम्बुदूर येथे हत्या झाली. जानेवारी १९९८ मध्ये विशेष न्यायालयाने खटला चाललेल्या सर्वच्या सर्व २६ आरोपींना फाशी सुनावली. ११ मे १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चौघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली आणि उरलेल्या १९ जणांना हत्येच्या कटाच्या आरोपातून मुक्त केले. मारेकऱ्यांशी ओळख, त्यांना दिलेला आसरा किंवा हत्येनंतर केलेली मदत म्हणजे हत्येस संमती नव्हे, हे सूत्र या निकालात ठामपणे मांडले गेले. एकच पुरावा दोन न्यायालयांनी पाहिला आणि १९ माणसांच्या बाबतीत निष्कर्ष फाशीपासून मुक्ततेपर्यंत बदलला.

फाशी कायम झालेल्यांत पेरारिवलन होता. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणून दिल्याचा आरोप त्याच्यावर होता. बॅटऱ्या कशासाठी हव्या आहेत हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे त्याने सांगितल्याचे, परंतु ते वाक्य आपण कबुलीजबाबात नोंदविले नसल्याचे, जबाब घेणाऱ्या निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने २०१३ मध्ये जाहीरपणे सांगितले. कटाच्या गुन्ह्यात ज्ञान हाच कळीचा मुद्दा असतो आणि नेमके त्याविषयीचे वाक्य नोंदीबाहेर राहिले होते. २०१४ मध्ये त्याची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. १८ मे २०२२ रोजी, तीस वर्षांहून अधिक कारावासानंतर, सर्वोच्च न्यायालयाने त्याची सुटका केली. त्याचा कटातील सहभाग न्यायालयाने ग्राह्य धरलेला आहे आणि त्याचा फेरविचार हा येथे विषय नाही. परंतु दोषसिद्धीच्या क्षणी न्यायाधीशापुढे फाशी आणि जन्मठेप एवढेच पर्याय असल्यामुळे अशा उणिवेची किंमत किती मोठी होते, हे यावरून स्पष्ट होते.

आक्षेप आणि त्यांचा विचार

कटविषयक कठोर कायद्याच्या समर्थनार्थ दोन युक्तिवाद केले जातात. समूहाने केलेला गुन्हा अधिक घातक असतो. आणि पडद्याआडचा सूत्रधार या कायद्याशिवाय कधीच हाती लागणार नाही. हे दोन्ही युक्तिवाद वजनदार आहेत. १९९३ चे स्फोट किंवा संसदेवरील हल्ला यांसारख्या घटनांनंतर त्यांची उपेक्षा कोणीही करू शकणार नाही. मात्र ते कटाला गुन्हा मानण्याचे समर्थन करतात. सूत्रधार आणि हरकाम्या यांना एकाच मापाने मोजण्याचे समर्थन त्यांतून निघत नाही. सूत्रधारासाठी योजलेले कलम जर परिघावरच्या माणसावर तितक्याच जोराने पडत असेल, तर ते आपल्या मूळ हेतूपासून ढळले, असेच म्हणावे लागते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील सुधारणा आवश्यक ठरतात. पहिली, कटाची व्याख्या गुन्हा करण्याच्या संमतीपुरती मर्यादित करून केवळ दिवाणी स्वरूपाची कृत्ये तीतून वगळावीत. दुसरी, साक्ष्य अधिनियमाचे कलम ८ लागू करण्यापूर्वी कटाच्या वाजवी आधाराविषयी न्यायालयाने कारणांसह स्वतंत्र निष्कर्ष नोंदविणे बंधनकारक असावे. तिसरी, कटाची शिक्षा मूळ गुन्ह्याच्या कमाल शिक्षेहून कधीही अधिक नसावी. चौथी, कटातून वेळीच माघार घेऊन गुन्हा टाळण्याचा प्रयत्न करणाऱ्यास शिक्षेत सवलत मिळावी. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, मुख्य गुन्हा घडलेला असतानाही, दुय्यम भूमिका असलेल्या कटवाल्याला आजीवन कारावासाहून कमी मुदतीची शिक्षा देण्याचा अधिकार न्यायालयास स्पष्ट शब्दांत मिळावा.

यांपैकी एकाही सुधारणेने सूत्रधाराची सुटका होत नाही. १९१३ मध्ये परकीय सत्तेने आपल्या सोयीने आखलेले कलम २०२३ मध्ये क्रमांक बदलून जवळपास तसेच स्वीकारले गेले. १९४९ मध्ये एका न्यायाधीशाला सात वर्षे योग्य वाटत असताना जन्मठेप लिहावी लागली होती. तशाच आरोपीपुढे आज बसलेल्या न्यायाधीशाची अडचण त्याहून वेगळी नाही, आणि ती दूर करणे हे न्यायालयाचे नसून संसदेचे काम आहे.